मोटरहोममध्ये रात्र कुठे काढायची, हे दुपारीच ठरवा

प्रश्न असा आहे: एक जोडपं पहिल्यांदाच मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन तीन आठवडे फिरणार आहे. रोज कॅम्पसाइटचं बुकिंग करायचं नाही, मन रमेल तिथे थांबायचं, असा त्यांचा बेत आहे. पण रात्री गाडी लावायची कुठे, ती जागा शोधायची कशी, आणि तिथे झोपणं कायदेशीर आहे, सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं?

जागा मिळतील, त्याची काळजी करू नका. गेली बारा वर्षं मी आणि माझा नवरा वर्षातले दोन-तीन महिने मोटरहोममध्ये काढतो. गाडी मी चालवते, नकाशा तो बघतो. रात्री थांबायला जागाच नाही, अशी वेळ आमच्यावर एकदाही आलेली नाही. चुकीच्या जागी रात्र काढायची वेळ मात्र बऱ्याचदा आली, आणि त्या सगळ्या रात्री आठवून पाहिल्या की एकच कारण दिसतं: आम्ही अंधार पडल्यावर पोचलो होतो. सहा तास गाडी हाकून थकलेला माणूस जागा निवडत नाही, समोर येईल ती पत्करतो. म्हणून माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे की रात्रीची जागा दुपारी शोधायची. बाकीचं सगळं त्यानंतर.

आमच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. फ्रान्समधल्या एका लहान गावात रात्री साडेदहाला पोचलो. चर्चसमोरचा चौक रिकामा, सपाट, दिव्यांचा उजेड. गाडी लावली, पाठ टेकली आणि लगेच डोळा लागला. पहाटे पाचला दारावर थाप पडली. बाहेर व्हॅनची रांग लागलेली आणि माणसं मांडवाचे लोखंडी पाइप उतरवत होती. गुरुवारचा आठवडी बाजार होता. चौकाच्या कोपऱ्यावर छोटी पाटी होती: गुरुवारी पहाटे पाच ते दुपारी दोन गाडी लावायला मनाई. उजेडात ती पाटी दिसली असती. माणसं भली होती. गाडी उचलून न्यायला लावण्याऐवजी त्यांनी आम्हाला उठवलं, आणि दोघांनी पुढे-मागे उभं राहून सात मीटरची गाडी त्या गर्दीतून बाहेर काढून दिली. तेव्हापासून कुठल्याही गावात इंजिन बंद केल्यावर मी आधी उतरून चारही कोपऱ्यांवरच्या पाट्या वाचते. भाषा येत नसेल तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करते. वार आणि वेळ लिहिलेली कुठलीही पाटी आपल्यासाठीच आहे असं समजायचं.

आता आमची रोजची पद्धत. सकाळी निघण्यापूर्वी आम्ही तीन जागा हेरून ठेवतो. पहिली मनातली. दुसरी तिच्यापासून पंधरा-वीस मिनिटांवरची. तिसरी हुकमी, म्हणजे जिथे जागा मिळणारच: पैसे भरून थांबायचा अधिकृत तळ किंवा कॅम्पसाइट. पहिल्या दोन एकाच तलावाकाठी किंवा एकाच दरीत नसाव्यात, कारण शनिवार-रविवारी एक भरलेली असली की दुसरीही भरलेली असते. तिसरी पुढच्या रस्त्यावर असावी. अर्धा तास उलटं जावं लागणार असेल तर थकलेला माणूस ती टाळतो आणि नको तिथे थांबतो. पहिल्या जागेवर आम्ही साडेतीन-चारला पोचतो, हिवाळ्यात सूर्य मावळायच्या दोन तास आधी. पोचल्यावर पंधरा मिनिटं नुसतं बसतो, चालतो, ऐकतो. दोघांपैकी एकाला जरी खटकलं तरी निघायचं, कारण विचारायचं नाही. या नियमाने आम्हाला किती वेळा वाचवलं हे मोजता येणार नाही, कारण न घडलेल्या गोष्टींचा हिशेब राहत नाही. पण या नियमामुळे आमची भांडणं थांबली, हे नक्की.

कायद्याचं सांगते, कारण नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. गाडी उभी करणं, उभ्या गाडीत झोपणं आणि तळ ठोकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक देशांचे कायदे यांतल्या कुठल्या दोन गोष्टींमध्ये रेघ ओढतात, ते समजलं की अर्धं काम झालं.

स्पेनमध्ये ही रेघ फार स्वच्छ ओढलेली आहे. तिथल्या वाहतूक खात्याने २००८ मध्ये काढलेल्या सूचनेचा सार असा: गाडी फक्त चाकांवर उभी असेल, बंद गाडीने व्यापलेल्या जागेबाहेर काही पसरलेलं नसेल आणि गाडीतून पाणी-घाण बाहेर पडत नसेल, तर ती उभी केलेली गाडी आहे, आत माणूस जागा आहे की झोपलेला, हा प्रश्न उरत नाही. कापडी छत बाहेर काढलं, खुर्ची मांडली, गाडी स्थिर ठेवणारे जॅक खाली सोडले, की तळ ठोकला असं धरलं जातं. समुद्रकिनारी आणि संरक्षित निसर्गक्षेत्रात मात्र वेगळे आणि कडक नियम लागतात. जर्मनीत गाडी लावायला परवानगी आहे अशा जागी, पुन्हा चालवण्याइतकं ताजंतवानं होण्यासाठी एक रात्र झोपणं चालतं; टेबल-खुर्च्या काढल्या की तीच रात्र तळ ठोकण्यात मोडते.

उत्तर युरोपाबद्दल एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये निसर्गात मुक्तपणे वावरायचा हक्क सगळ्यांना आहे, म्हणून मोटरहोम कुठेही नेता येते, असं लोक धरून चालतात. नॉर्वेचा तो कायदा १९५७ चा. तो पायी चालणाऱ्याला आणि तंबू ठोकणाऱ्याला हक्क देतो, आणि तंबूदेखील राहत्या घरापासून १५० मीटर लांब लावायला सांगतो. इंजिनाच्या गाडीला तो हक्क नाही. स्वीडनमध्ये मोकळ्या जमिनीवर गाडी घालायला १९७५ पासून बंदी आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यातही मोटारगाडी बाहेरच ठेवलेली आहे. म्हणजे रस्त्याकडेच्या बांधलेल्या थांब्यावर रात्र काढता येईल, पण कुरणात गाडी उतरवून नाही. आइसलंडने नोव्हेंबर २०१५ पासून आणखी घट्ट केलं: ठरलेल्या कॅम्पसाइटबाहेर गाडीत झोपायचं तर जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. क्रोएशियात कॅम्पसाइटबाहेर झोपणाऱ्यांना दंड होतो, आणि तिथे नशिबावर हवाला ठेवू नये.

न्यूझीलंडमध्ये प्रश्न जागेआधी गाडीचा येतो. तिथे कॅम्पसाइटबाहेरच्या मुक्कामांसाठी २०११ पासून वेगळा कायदा आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने स्वयंपूर्ण गाडीचा दाखला मिळवायला गाडीत पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला. पलंगाखाली ठेवलेला सुटा डबा आता चालत नाही. गाडी भाड्याने घेतानाच तो दाखला आणि त्याची मुदत पाहून घ्यावी; दाखला नसेल तर स्थानिक प्रशासनाच्या बहुतेक मोफत जागा आपल्यासाठी बंद.

अमेरिकेत उलट चित्र दिसतं. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात अफाट सरकारी जमीन आहे, आणि तिथे साधारणपणे २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांपर्यंत एका जागी मुक्काम करता येतो. राष्ट्रीय वनांमध्ये कुठल्या रस्त्यांवर गाडी नेता येते याचे वनखात्याने छापलेले मोफत नकाशे मिळतात. ते आधी बघा. हमरस्त्यावरच्या विश्रांतीथांब्यांचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात एका दिवसात आठ तास थांबता येतं, टेक्ससमध्ये चोवीस, फ्लोरिडात तीनच. मोठ्या दुकानांच्या आवारात लोक रात्र काढतात हे खरं, पण परवानगी त्या त्या दुकानाचा व्यवस्थापक देतो आणि गावाचा नियम त्याच्याही वर असतो. आत जाऊन विचारायचं, एवढंच. वॉलमार्टमध्ये चालतं म्हणे, हे परवानगी म्हणून पुरत नाही.

जपानमध्ये १९९३ पासून रस्त्याकडेला 'मिचि-नो-एकि' नावाची ठिकाणं आहेत. वाहनतळ आणि स्वच्छतागृह चोवीस तास उघडं. थकव्यामुळे तिथे डुलकी काढणं हाच त्यांचा एक हेतू, पण मुक्कामासाठी त्या जागा नाहीत असं सरकार स्पष्ट सांगतं. आम्ही तिथे रात्री उशिरा आलो, झोपलो आणि उजाडल्यावर निघालो. खुर्ची बाहेर काढली नाही, गाडीबाहेर शेगडी पेटवली नाही, कचरा टाकला नाही.

इतके देश सांगितले ते पाठ करण्यासाठी नाहीत. यांतून एक वागणूक तयार होते, आणि ती जवळजवळ सगळीकडे उपयोगी पडते: ठरलेल्या तळाबाहेर असाल तेव्हा तुमची गाडी फक्त उभी केलेली गाडी दिसली पाहिजे. दार बंद, पायरी आत, छत गुंडाळलेलं, बाहेर एकही वस्तू नाही. चाकाखालच्या पाचरीसुद्धा काही ठिकाणी तळ ठोकल्याची खूण धरल्या जातात, म्हणून पाचर लागणारच नाही इतकी सपाट जागा शोधायची.

आता जागांचे प्रकार. जर्मनीत आणि तिच्या शेजारी देशांत मोटरहोमसाठी राखलेले तळ असतात, त्यांना 'श्टेलप्लाट्झ' म्हणतात. फ्रान्समध्ये गावोगावच्या अशा तळांना 'एर'. पाणी भरायला, सांडपाणी सोडायला सोय, बऱ्याचदा वीज, मुक्काम एक-दोन रात्रींचा. पहिल्या सफरीला याहून चांगली सोय मला माहीत नाही. एक सावधगिरी: फ्रान्समध्ये महामार्गावरच्या विश्रांतीथांब्यालाही 'एर' म्हणतात. ती पूर्ण वेगळी जागा. नाव एकच म्हणून लोक रात्री तिथे थांबतात, आणि चोऱ्या मुख्यतः अशाच ठिकाणी होतात: गर्दी अनोळखी, प्रत्येक जण तासाभरात निघून जाणार, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. दिवसा तिथे जरूर विश्रांती घ्या. रात्रीसाठी महामार्ग सोडून पाच-दहा किलोमीटर आतल्या गावात जा.

ट्रकच्या थांब्यावर रात्र काढायचं मी टाळते, आणि त्याचं कारण फक्त आवाज नाही. युरोपात ट्रकचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबणं आणि रोज साधारण ११ तास विश्रांती घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याची वेळ संपली की त्याला थांबावंच लागतं. ट्रकसाठी आखलेली जागा आपण अडवली तर तो माणूस जाणार कुठे? आपल्याला आणखी दहा ठिकाणं आहेत, त्याला नाहीत. शिवाय शीतगृहाच्या ट्रकचं यंत्र रात्रभर थांबून थांबून सुरू होतं, आणि त्याच्या शेजारी झोप लागत नाही.

शेतांवर आणि द्राक्षमळ्यांवर पाहुण्यासारखं थांबायची सोय बऱ्याच देशांत आहे. फ्रान्समध्ये 'फ्रान्स पॅसिऑन', अमेरिकेत 'हार्वेस्ट होस्ट्स': वर्षाचं सदस्यत्व घ्यायचं आणि यजमानाच्या आवारात एक रात्र काढायची. आमच्या सगळ्यात शांत रात्री अशाच जागांवर गेल्या. यजमानाला आधी भेटायचं, निघताना निरोप घ्यायचा. 'फ्रान्स पॅसिऑन'मध्ये त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यायची सक्ती नसते, पण आम्ही घेतो.

जिथे अशी व्यवस्था नाही तिथे सरळ विचारायचं. गाडी लांब उभी करून पायी जा; अंगणात अचानक मोठी गाडी शिरली की घरातला माणूस आधीच दचकलेला असतो. चार गोष्टी सांगा: एकच गाडी आहे, एकच रात्र, संडास-पाणी गाडीतच आहे, सकाळी अमुक वाजता निघू. सगळ्यांना भीती असते ती पाहुणा हलणारच नाही याची, म्हणून निघायची वेळ आधी सांगणं महत्त्वाचं. नकार आला तर आभार मानून विचारा, की जवळपास कुठे थांबता येईल? गावातल्या उत्तम जागा आम्हाला नकार देणाऱ्यांनीच दाखवल्या आहेत.

जागा दाखवणाऱ्या ॲपबद्दल. पार्क-फॉर-नाइट, आयओव्हरलँडर, कॅम्परकॉन्टॅक्ट ही तीन आम्ही वापरतो. ॲपवर खूण आहे म्हणजे परवानगी आहे, असं धरू नका. कुणीतरी तिथे कधीतरी झोपलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. सरासरी तारे बघू नका. शेवटचे सात-आठ अभिप्राय वाचा आणि त्यांच्या तारखा बघा. ऑगस्टमध्ये "गच्च गर्दी, आवाज" लिहिलेली जागा ऑक्टोबरमध्ये रिकामी असते. उलट जूनमध्ये स्वर्ग वाटलेल्या जागेवर पावसात चाकं रुततात. लिहिणाऱ्याची गाडी कोणती तेही बघा. छोट्या व्हॅनवाल्याने "रस्ता सोपा" म्हटलं तर त्यावर सात मीटरची गाडी घालू नये. "रात्री पोलिस आले, प्रेमाने जायला सांगितलं" असे दोन अभिप्राय एका महिन्यात दिसले की ती जागा संपली. आणि ज्या जागेचा फार गाजावाजा झाला आहे तिथे मी जातच नाही. कचरा, नाराज गावकरी आणि नवीकोरी मनाईची पाटी हे तिथे पाठोपाठ येतं.

ॲपनंतर उपग्रहाचं चित्र आणि रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रं बघा. मुख्य म्हणजे प्रवेशावर उंची अडवणारा आडवा दांडा आहे का, हे. तो बऱ्याचदा दोन मीटरच्या आसपास असतो, आणि मोटरहोम पावणेतीन ते सव्वातीन मीटर. तुमच्या गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन मोठ्या आकड्यांत कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. साडेतीन टनांची मर्यादा पुलांवर आणि गल्ल्यांच्या तोंडाशी वारंवार भेटते. चित्रात आणखी एक बघायचं: गाडी वळवायला जागा आहे का? एक किलोमीटर अरुंद रस्त्याच्या टोकाला जागा भरलेली निघाली, तर तेवढंच मागे सरकत बाहेर यावं लागतं.

आता जमीन. माझ्या मते खरी कला इथेच आहे, आणि ती फक्त उजेडात साधते.

आधी उतार. गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांत अंतर दोन मीटरहून कमी, पुढच्या-मागच्या चाकांत साधारण चार मीटर. त्यामुळे दहा सेंटिमीटरची पाचर आडवा उतार तीन अंशांनी सुधारते, पण लांबीचा उतार दीडच अंशाने. म्हणजे लांबीत सपाट जागा शोधायची. आडवं थोडं कलतं असेल तर पाचर सांभाळून घेते. गॅसवर चालणारा फ्रिज तीन अंशांहून जास्त कलला की नीट थंड करत नाही. छोटी पाणसळ गाडीच्या फरशीवर ठेवा, डोळ्यावर विश्वास नको. थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या बाजूला करून झोपा.

मग मऊपणा. टाच दाबून बघा. टाचेचा खड्डा उमटला तर तीन टनांहून जड गाडी तिथे जाऊ नये. गवतावर दव रात्री पडतं, म्हणून संध्याकाळी कोरडं गवत सकाळी निसरडं होतं. गाडी कुठल्या चाकांनी ओढली जाते ते माहीत करून घ्या आणि ती चाकं कडक जमिनीवर ठेवा. बहुतेक युरोपीय मोटरहोम पुढच्या चाकांनी चालतात. तेव्हा मागचा भाग गवतावर आणि पुढची चाकं खडीवर. असं लावलं की तोंडही आपोआप बाहेरच्या बाजूला येतं, आणि ते हवंच.

पाण्याचा विचार कोरड्या हवेतही करायचा. कोरड्या ओढ्याचं पात्र दिसायला सुंदर, सपाट, वाळूचं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. वीस किलोमीटर वर डोंगरात पडला तरी पाणी तुमच्यापर्यंत येतं. पात्रात आणि पुलाखाली कधीच नाही, आभाळ कितीही निरभ्र असो. समुद्राकाठी भरतीची ओळ शोधा: शेवाळ आणि काटक्यांची ती रेघ जिथे आहे त्याच्या बऱ्याच वर थांबा. उंच कड्याखाली ताजे फुटलेले दगड दिसले तर पुढे चला.

झाडाखाली सावली मिळते, पण पाऊस थांबल्यावरही तासभर छतावर थेंब पडत राहतात आणि वाऱ्यात फांद्या तुटतात. जोराचा वारा असेल तर गाडीचं नाक वाऱ्याकडे करा. आडव्या वाऱ्यात गाडी रात्रभर डुलते, आणि छतावरची उघडी खिडकी उडून जाते.

जागेवरच्या खुणाही वाचायच्या. डांबरावर टायरचे काळे गोल उमटलेले असतील तर रात्री मुलं गाड्या घुमवायला येतात. जागा दिवसा रिकामी, पण बाटल्या आणि जळकी राख भरपूर: शनिवारी तिथे राहू नका. गाडीच्या काचेचा चुरा दिसला, तर पाच मिनिटंही थांबू नका. उलट कुत्रा घेऊन फिरायला येणारी वयस्कर माणसं, धावणारी बाई, खेळून परतणारी मुलं दिसली की ती जागा बहुधा चांगली. त्यांच्याशी बोला. "रात्री इथे कोण येतं?" या एका प्रश्नाचं उत्तर कुठल्याही ॲपपेक्षा खरं असतं.

सुरक्षिततेबद्दल एक अफवा तुमच्या कानावर येईलच: चोर गाडीत गुंगीचा वायू सोडतात आणि झोपलेल्यांना लुटतात. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या 'रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स' या संस्थेने हे शक्य नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. अशा वायूचा वास, लागणारं प्रमाण आणि धोका पाहता माणूस नकळत बेशुद्ध होणार नाही. लोक गाढ झोपेत असतात आणि चोर सराईत असतात, एवढंच. खरा घातक वायू गाडीतच तयार होऊ शकतो: कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. त्याचा इशारा देणारं यंत्र गाडीत आहे का आणि चालतं का, हे ताब्यात घेताना दाबून बघा. थंडीत कितीही हुडहुडी भरली तरी स्वयंपाकाची शेगडी ऊब म्हणून पेटवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो, तो खाली साठतो. म्हणून फरशीला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. गार वारा येतो म्हणून लोक त्यात कापड कोंबतात. कृपा करून असं करू नका.

चोरी बहुतेक वेळा गाडीत कुणी नसताना होते, फिरायला गेल्यावर, दिवसाढवळ्या. कागदपत्रं अंगावर ठेवा, समोरच्या सीटवर काहीही दिसू देऊ नका.

रात्री मात्र एक शिस्त पाळा: गाडी दोन मिनिटांत हलवता आली पाहिजे. चालकाची सीट रिकामी, किल्ली ठरलेल्या जागी, पुढच्या काचेवर थंडीसाठी लावायचा जाड पडदा असेल तर तो आतून. बाहेरून लावलेला पडदा काढायला खाली उतरावं लागतं. आणि दोघांपैकी एकाने दारूला स्पर्श करायचा नाही. ब्रिटनमध्ये नशेत चालवणं जसा गुन्हा आहे, तसा नशेत गाडीचा ताबा असणं हाही गुन्हा आहे. तो कायदा बाजूला ठेवला तरी रात्री दोनला कुणी दार ठोठावलं, तर निघता आलं पाहिजे.

दार ठोठावलं तर काय करायचं? आधी दिवा लावा, खिडकीतून बोला, दार लगेच उघडू नका. पोलिस किंवा रखवालदार असेल तर वाद घालू नका, तुमचं बरोबर असलं तरी. "आत्ता निघतो" म्हटलं की बहुतेक वेळा समोरचाच म्हणतो, राहू द्या, सकाळी लवकर जा. तिसऱ्या जागेचा पत्ता तुमच्याकडे आहेच. चार धिंगाणा घालणारी पोरं असतील तर उतरू नका, इंजिन सुरू करा आणि निघा.

पाणी आणि संडास यांच्यावर तुमचं वेळापत्रक ठरेल, हे नवख्यांना ठाऊक नसतं. संडासाची टाकी साधारण १७ ते २० लिटरची. दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती फक्त ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करायची. भांडी-आंघोळीचं सांडपाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडू नका. ते गटार बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्याला मिळतं. ज्या गावांनी मोटरहोमना बंदी घातली त्यांच्याशी बोलून पाहा, बंदीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं. आपण सोडलेलं घाण पाणी पुढच्या पाहुण्याची जागा घालवतं. म्हणून दर तिसऱ्या रात्री तरी सोयी असलेल्या तळावर जा: टाक्या रिकाम्या होतात, बॅटरी पूर्ण भरते, आणि तुम्हीही नीट झोपता.

आता तुमच्या तीन आठवड्यांपुरतं. गाडी ताब्यात घ्यायला, समजून घ्यायला आणि सामान भरायला अर्धा दिवस जातो. म्हणून पहिली रात्र तिथून अर्ध्या-पाऊण तासावरच्या कॅम्पसाइटवर बुक करा. त्या संध्याकाळी हीटर, पंप, फ्रिज, संडास, पाचरी सगळं एकदा वापरून बघा. काही बिघडलेलं निघालं तर गाडी देणारे जवळच असतात. दुसऱ्या सकाळी मोकळ्या मैदानात अर्धा तास गाडी मागे घ्यायचा सराव करा, एक जण बाहेर उभा राहून हातांनी खुणा करेल असा. खुणा आधी ठरवा. मागच्या चाकांच्या मागे दीड-दोन मीटर गाडी लोंबती असते आणि वळताना ती बाहेर फेकली जाते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसेल. दुसरी रात्र एखाद्या अधिकृत तळावर, जिथे इतर गाड्या कशा लावल्या आहेत हे बघता येईल. तिसऱ्या सकाळी पहिल्यांदा तीन जागा हेरा, आणि त्यांतल्या पहिलीवर दुपारी तीनलाच जाऊन पोचा.